पाण्याच्या टाकीच्या गल्लीचा चढ

रेषेचा चढ हा विषय फळ्यावर शिकवायचा असतो. दोन आडव्या-उभ्या रेघा, मध्ये एक तिरपी, वर किती गेलो भागिले पुढे किती गेलो, संपलं. पोरं जांभया देतात, आपण खडू झटकतो, घंटा होते आणि कुणाच्याही भिंतीचा रंग निघत नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी पोरांना घेऊन टेकडीवर गेलो. का गेलो, असं आमची गुमही मला आजही विचारते, आणि बायकोच्या काही प्रश्नांना गप्प बसणं हेच उत्तर असतं.

बुसानच्या आमच्या भागात घरं टेकडीला घोरपडीसारखी चिकटलेली आहेत. खाली बंदर, वर पाण्याची टाकी आणि मधे सगळ्या पायऱ्याच पायऱ्या. शाळा अर्ध्यावर. त्या शाळेत मी गणित शिकवतो, पण करारावर. करार सहामाहीचा. उन्हाळी सुट्टी लागली की संपतो, आणि पुढे वाढवायचा की नाही हे आमच्या मुख्याध्यापिका तक मॅडम ठरवतात. तक मॅडम वाईट नाहीत. त्यांना जगात फक्त एका गोष्टीची भीती वाटते, ती म्हणजे तक्रार. शिक्षण कार्यालयाकडे कुणी तक्रार केली की तिला मुदतीत लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि त्या मुदतीत मॅडमना जेवण जात नाही. सहामाहीच्या सुरुवातीलाच त्यांनी मला बसवून सांगितलं होतं, "नामगुंग सर, शिकवता कसं ते मी पाहीनच. पण तुमच्या नावाची एकही तक्रार यायला नको. मग पुढचं बघू."

म्हणजे माझी नोकरी या 'पुढचं बघू'वर टांगलेली होती. मी त्या सहामाहीत वर्गात शिंकतानासुद्धा कुणाचं मन दुखावणार नाही अशा बेताने शिंकत होतो.

त्यात जाहीर तासाची तारीख लागली. जाहीर तास म्हणजे पालक मागे उभे राहून बघतात, कार्यालयाचे एक निरीक्षक येतात, आणि शिक्षक नव्या शर्टात घामाघूम होतो. मॅडम म्हणाल्या, "काहीतरी जगण्याशी जोडलेलं दाखवा." मी वर्गात चढाचा धडा सुरू केला तर पुढच्या बाकावरची हारिन म्हणाली, "सर, हा चढ आम्ही कशाला शिकायचा? रोज शाळेत येताना चढतोच की."

पोरगी चावटपणे बोलली होती, पण माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. तो तिथेच विझवायला हवा होता. मी म्हटलं, आपण आपल्या टेकडीचा नकाशा करू. प्रत्येक गल्लीचा चढ मोजायचा, नकाशावर गल्लीशेजारी आकडा लिहायचा, आणि बाजूला तिची तिरपी रेघ काढायची. पोरं एवढी खूश झाली की मला स्वतःचा अभिमान वाटला. तो अभिमान पुढे फार महागात पडला.

मोजायची रीत साधी. मीटरभर लांबीची फळी घ्यायची. तिचं एक टोक चढावर टेकवायचं, वर गवंड्याची पाणसळ ठेवून फळी आडवी सपाट धरायची आणि दुसरं टोक जमिनीपासून किती उंच राहिलं ते टेपने मोजायचं. पुढे एक मीटर, वर इतकं. मी वर्गाच्या दोन तुकड्या केल्या, म्हणजे एकीचा आकडा दुसरीला पडताळता येईल. जिथे मोजलं तिथल्या भिंतीवर खूण म्हणून एक गोल स्टिकर लावायचं. स्टेशनरीच्या दुकानात निळे संपले होते. दुकानदार म्हणाला, "लाल आहेत, देऊ?" मी म्हटलं, "द्या."

आता इथे जन्मलेल्या माणसाने हे करावं का? आमच्याकडे वस्ती पाडून टोलेजंग इमारती बांधायच्या असल्या की आधी माणसं टेप घेऊन फिरतात आणि पाडायच्या घरांच्या भिंतींवर लाल खुणा येतात. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. मला तर शेजारची अख्खी टेकडी अशी लाल होऊन नाहीशी झालेली आठवते. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर फक्त जाहीर तास होता. दुपारभर आम्ही फिरलो, पोरं ओरडत आकडे सांगत होती, आणि आमच्या मागे गल्ल्यागल्ल्यांतून लाल ठिपके उमटत गेले.

संध्याकाळी घरी पोचलो तर आमच्या घरमालकीण बोंगसुन काकू दारातच उभ्या. त्या खाली राहतात, आम्ही वरच्या मजल्यावर. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. टेकडी पाडून लिफ्टवाली इमारत उभी राहावी म्हणून त्या वर्षानुवर्षं सह्या गोळा करताहेत.

"सर," त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला कधी काही कमी केलंय का?"

"नाही हो काकू. काय झालं?"

"मग अख्ख्या टेकडीला खुणा केल्यात आणि माझ्याच भिंतीला नाही?"

मी हसलो. म्हटलं, "काकू, तो शाळेचा प्रकल्प आहे. पोरं चढ मोजतात."

"हो, सुरुवातीला असंच सांगतात," काकू समजूतदारपणे म्हणाल्या. "तुम्हाला बोलायची बंदी असेल. मी काही विचारत नाही. फक्त माझं घर विसरू नका."

त्या गेल्या, आणि मी जिन्यात पाय ठेवतो न ठेवतो तोच खालून काठीचा आवाज आला. दकपाल आजोबा. हे आमच्या हारिनचे आजोबा. टाकीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आणि गच्चीवर मिरच्या, पालेभाजी, दोन भोपळ्यांचे वेल. घर सोडायचं तर मला उचलून न्या, असं त्यांनी सभेत सांगितलेलं. त्यांनी तळहातावर एक लाल स्टिकर धरलं होतं.

"मास्तर, हे माझ्या भिंतीवर कुणी लावलं?"

"तुमच्या हारिनने लावलं, आजोबा."

"नातीच्या हाताने लावून घेतलंत? शाब्बास आहे तुमची."

त्यांनी ते स्टिकर काढून माझ्या शर्टाच्या खिशावर चिकटवलं आणि ते निघून गेले. गुमहीने दार उघडलं, खिशाकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्हालाही पाडणार का?"

मला तेव्हा हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापर्यंत विरंगुळा केंद्रात टेकडीचे दोन तट पडले. कुणीतरी पक्की बातमी आणली की जिथे चढ ठरावीक आकड्याच्या वर असतो तिथे इमारतीला परवानगीच मिळत नाही. म्हणजे सगळा फैसला चढावर, आणि चढ नामगुंग सरांच्या हातात. झालं. मी बसच्या रांगेत उभा राहिलो की एक जण डाव्या कानात सांगे, "सर, आमच्या गल्लीचा जरा कमी धरा, तसा तो सपाटच आहे." लगेच दुसरा उजव्या कानात, "सर, गेल्या हिवाळ्यात दोघं घसरून पडले तिथे. चांगला घसघशीत लिहा." ज्या माणसाला कधी आमच्या रस्त्याचं नाव सांगता आलं नाही, तोही मला आकडा सुचवू लागला.

न्हाव्याच्या गल्लीचं दुखणं वेगळंच. नकाशावर डावीकडून उजवीकडे जाताना ती उतरते, म्हणून पोरांनी तिचा चढ उणे लिहिला. त्यावर तिथले चौघे शाळेच्या फाटकाशी आले. "बाकी सगळे अधिक आणि आम्ही उणे? आमच्यात काय कमी आहे?" मी त्यांना समजावलं की उणे म्हणजे वाईट नव्हे, ती फक्त दिशा आहे. न्हावी म्हणाला, "मग तुमच्या गल्लीला लावा ना उणे." शेवटी हारिनने नकाशा खिडकीच्या काचेवर उलटा धरून दाखवला. मागून बघितलं की ती गल्ली अधिक होत होती. चौघांचं समाधान झालं, आणि जाहीर तासाला नकाशा उलटा टांगावा अशी मागणी करून ते गेले.

आणि मग आल्या किमच्या, म्हणजे आमची तिखट आंबवलेली लोणची. शिक्षकाने कुणाकडून कॉफीचा डबासुद्धा घ्यायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे आणि तो सगळ्यांना पाठ आहे. पण सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यावर डबा. कोवळ्या मुळ्याची किमची, झाकणावर घराचा नंबर. ठेवून घेतली तर लाच. भरलेला डबा परत केला तर अपमान. रिकामा परत केला तर खाल्ली असा अर्थ, शिवाय आमच्या टेकडीवर डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणजे त्यात आपलं काहीतरी घालायला हवं. मग शिक्षकानेच उलटी लाच दिल्यासारखं होतं. मी आणि गुमहीने त्या डब्यांकडे बघत अख्खं जेवण कोरड्या भाताबरोबर काढलं. पुढे रोज शाळा सुटली की मी दोन्ही हातांत डबे घेऊन ज्याचे त्याला पोचवत फिरायचो. टेकडीचा चढ मला पोरांपेक्षा जास्त चांगला समजला तो या डब्यांमुळे. लोक मला डबे घेऊन दारोदार हिंडताना बघत आणि म्हणत, "बघा, किती ठिकाणांहून घेतलेत."

शेवटचा उपाय म्हणून मी वॉर्ड ऑफिसात गेलो. म्हटलं, या टेकडीवर कसलीही पाडापाडी ठरलेली नाही एवढं एका कागदावर लिहून द्या, मी तो केंद्रात लावतो.

खिडकीमागचा तरुण कारकून फार सभ्य होता. म्हणाला, "सर, जे ठरलंय त्याचं पत्र देता येतं. जे ठरलेलं नाही त्याचं कसं देणार?"

"पण ठरलेलं नाही ना?"

"नाहीच. पण नाही असं आम्ही लिहून दिलं, तर लोक विचारतील, लिहून द्यायची वेळ का आली." मग तो पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "सर, तुमच्या नकाशाची एक प्रत आम्हाला मिळेल का? आमच्याकडे गल्ल्यांचे चढ नाहीयेत."

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. खरं सांगतो, मला रडू येत होतं. या वयात पुन्हा शाळा शोधायची, पुन्हा सगळीकडे अर्ज, मुलाखतीला पुन्हा तोच नवा शर्ट. आणि तेही चोरी नाही, मारामारी नाही, फळी आणि पाणसळीपायी.

तेवढ्यात तक मॅडमचा फोन. "नामगुंग सर, टेकडीवर काही चाललंय का?"

"छे छे, मॅडम. तक्रार आली का?"

"अजून नाही," त्या म्हणाल्या. 'अजून' या शब्दावर त्या जरा थांबल्या होत्या.

मी त्याच संध्याकाळी पोरांना घेऊन सगळी स्टिकरं काढायला निघालो. स्टिकरांचा डिंक उत्तम निघाला. प्रत्येक स्टिकराबरोबर भिंतीचा रंगही आला आणि जिथे तिथे गोल पांढरे चट्टे उरले, आधीच्या खुणांपेक्षा ठळक. आता बोंगसुन काकूंचा तट खवळला. "योजना रद्द केली!" असा बोभाटा झाला. काकू कठड्याला धरून म्हणाल्या, "वरच्या गल्ल्यांतल्या लोकांनी तुम्हाला काय दिलं, सर? मुळ्याचीच ना? मी काकडीची देणार होते."

त्यानंतर मोजणीची सूत्रं माझ्या हातात राहिली नाहीत. शेवटची गल्ली राहिली होती ती पाण्याच्या टाकीची, टेकडीवरची सगळ्यात उभी. पोरांची एक तुकडी तिथे गेली तेव्हा बोंगसुन काकू आणि त्यांच्या मैत्रिणी मदतीला हजर. दुसरी तुकडी दुसऱ्या दिवशी गेली तेव्हा दकपाल आजोबा तिथे आधीपासून स्टूल टाकून बसलेले. विरंगुळा केंद्रात लोकांनी पत्ते बाजूला ठेवले आणि तिथेही फळ्या आल्या. संध्याकाळी कुठल्याही गल्लीत जावं तर दोन म्हाताऱ्या पाणसळीतल्या बुडबुड्याकडे बघत भांडताहेत. दोन्ही तुकड्यांचे आकडे माझ्याकडे आले आणि माझं धाबं दणाणलं. बाकी सगळ्या गल्ल्या जुळत होत्या. टाकीच्या गल्लीचा चढ एका नकाशावर अर्ध्याच्या खाली होता, दुसऱ्यावर अर्ध्याच्या बराच वर.

जाहीर तास दुसऱ्या दिवशीच होता. पुन्हा मोजायला वेळ नव्हता.

सकाळी मी नवा शर्ट घातला. वर्गाच्या मागे पालक उभे राहतात तिथे मला आधी काकूंचे केस दिसले, मग आजोबांची टोपी, मग न्हावी. दोन्ही तट दोन भिंतींना लागून उभे होते, उरलेले व्हरांड्यात. कार्यालयाचे निरीक्षक कोपऱ्यात कसेबसे मावले होते. तक मॅडमचा चेहरा पांढराफटक.

हारिनने दोन्ही नकाशे लावले आणि मी मधे पडायच्या आत सांगूनही टाकलं, "टाकीच्या गल्लीचे आमच्याकडे दोन चढ आलेत."

"एका रेषेला दोन चढ कसे असतील?" मागून आजोबा म्हणाले. "कुठलेही दोन बिंदू घ्या, चढ तोच यायला पाहिजे."

निरीक्षकांनी चमकून मान वर केली.

"मग तुमचा चुकलाय," काकू म्हणाल्या. "आम्ही वर किती गेलो ते बघितलं आणि पुढे किती गेलो त्याने भागलं. सरांनी शिकवलं तस्संच."

"पण बाई, तुम्ही फळी उतारावर निजवून मोजलीत. पुढे म्हणजे आडवं पुढे. उतारावरून मोजलं की खालची संख्या मोठी होते आणि चढ कमी येतो. शाळकरी पोराला कळतं हे."

"आणि तुम्ही फळीच्या खालच्या टोकाचा दगड काढून ठेवलात, ते? वरची संख्या कशी वाढली मग? मी बघितलंय खिडकीतून."

आजोबांनी टोपी काढून पुन्हा घातली. न्हावी मधेच म्हणाला, "दोघांचंही सोडा, पण तो अधिक आहे की उणे ते आधी ठरवा." मग एकाच वेळी सगळे बोलू लागले. भागिले, आडवं, उभं, बिंदू, असे शब्द वर्गात उडत होते आणि माझी पोरं आ वासून बघत होती. कुणीतरी म्हणालं, चला, आत्ताच जाऊन मोजू. खुर्च्या सरकल्या. मी "बसा, बसा" म्हणेपर्यंत वर्ग रिकामा झाला. निरीक्षकही गेले, त्यांनी पाणसळ धरली होती.

सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गल्ली मोजली गेली. फळी सपाट, दगड जागेवर. पुढे एक मीटर, वर अर्धा, फार तर केसभर जास्त. काकू आणि आजोबा दोघांनाही तो पटला नाही आणि दोघांपैकी कुणाला त्यात खोट काढता आली नाही. मी एका पायरीवर बसून तक मॅडमना शोधत होतो. त्या चढून वर आल्याच नव्हत्या.

सहामाही संपायच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. टेबलावर छापील कागदांची चळत होती.

"तक्रारी आल्यात," त्या म्हणाल्या. "तुमच्या नावाच्या. शिक्षण कार्यालयाकडून."

मला खुर्ची दिसेना. मनात म्हटलं, संपलं, आता गुमहीला काय सांगू?

मॅडम वाचू लागल्या. एकाला आपली गल्ली खालून पुन्हा मोजून हवी होती, एकाला वरून. न्हाव्याच्या गल्लीला उलटा नकाशा न टांगल्याबद्दल खुलासा हवा होता. कुणाला दगडी जिना राहिला म्हणून राग. आणि प्रत्येकाने शेवटी लिहिलं होतं की मोजणी नामगुंग सरांनीच करावी, मधेच शिक्षक बदलल्यास आकडे मान्य केले जाणार नाहीत. आजोबांनी तर खाली दुहेरी रेघ ओढली होती.

शेवटची तक्रार वाचताना मॅडमचा आवाज जरा उतरला. ती बोंगसुन काकूंची होती. 'मी आधी चढ कमी लिहायला सांगत होते. आता मला खरा लिहून हवा आहे, आमच्या गल्लीचासुद्धा. माझा मुलगा सोल शहरात असतो. आई, तू खाली उतरून डॉक्टरकडे का जात नाहीस, आळस करतेस, असं तो फोनवर म्हणतो. मला त्याला आकडा पाठवायचा आहे.'

काकू कठड्याला धरून उभ्या असतात ते मी रोज बघत होतो. ती त्यांची सवय आहे असं मला वाटत होतं, आणि त्याची मला तिथे बसल्या बसल्या लाज वाटली.

मग मॅडमनी चष्मा पुसला. "या सगळ्यांना लेखी उत्तर द्यायचंय. काय लिहू?"

"पुन्हा मोजू, असं लिहा."

"कधी?"

"आता सुट्टी लागेल. सुट्टीनंतर."

"सुट्टीनंतर तुम्ही इथे असाल?"

"ते तुम्ही सांगायचं, मॅडम."

त्यांनी त्या चळतीकडे असं बघितलं, जणू तिला आता पाय फुटणार आहेत. "असायलाच लागेल तुम्हाला," त्या म्हणाल्या. "नाहीतर यांना उत्तर कोण देणार?" आणि खणातून कराराचा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. मी सही करताना विचारलं, "जाहीर तास कसा वाटला, मॅडम?" त्या म्हणाल्या, "पुढच्या सहामाहीत काय शिकवायचंय?" मी म्हटलं, "संभाव्यता." "ती वर्गातच होते ना?" "हो, मॅडम." "मग ठीक."

बाहेर पडलो तर फाटकाशी दकपाल आजोबा उभे. माझा चेहरा बघून त्यांनी फक्त मान हलवली आणि विचारलं, "मास्तर, पुढच्या पुस्तकातल्या त्या संभाव्यतेला पत्ते लागतात असं हारिन म्हणते. खरं का?"

मी काही न ऐकल्यासारखं केलं आणि झपाझप घरची गल्ली चढू लागलो. बोंगसुन काकू मधल्या वळणावर कठड्याला धरून दम खात उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी. मी पिशवी घेतली. त्या म्हणाल्या, "राहू द्या सर, तुम्हाला चालत नाही ना कुणाचं काही घेतलेलं." मी म्हटलं, "काकू, घेत नाहीये, वाहतोय." मग आम्ही दोघं सावकाश वर निघालो, आणि दारापाशी पोचेपर्यंत त्यांनी मला तीनदा विचारलं की आमच्या गल्लीत फळी पुन्हा कधी आणताय.